सोमवारची माणसं

लोणावळ्यात आठवडा शुक्रवारी दुपारी सुरू होतो आणि रविवारी संध्याकाळी संपतो. उरलेले दिवस गाव अंग टाकून पडलेलं असतं. त्यामुळे इथल्या घराघरात एक शब्द फार चालतो, 'सोमवारी'. शेगडी दुरुस्त करायची, सोमवारी. केस कापायचे, सोमवारी. सासऱ्यांना बघून यायचं, सोमवारी. साखरपुडेसुद्धा लोक सोमवारी उरकून घेतात, कारण शनिवार-रविवार पाहुण्यांचे. पाहुणे म्हणजे आत्या-मामा नव्हेत, बुकिंग करून येतात ते.

वाचकहो, तुमच्या गावात हा शब्द वेगळा असेल. 'मार्च संपू दे', 'दिवाळीनंतर बघू', 'एवढं प्रोजेक्ट आटपलं की'. अर्थ तोच, आणि ज्यांना तो ऐकावा लागतो ती माणसंही बहुधा तीच, घरातली.

रज्जाक मुलाणी लोणावळ्याच्या तुंगार्ली भागात मुंबईच्या मालकांचे तीन बंगले सांभाळतो. वेळेचा इतका पक्का माणूस अख्ख्या लोणावळ्यात सापडायचा नाही. त्याच्या मोबाईलमध्ये दिवसाचे अकरा गजर होते. सातला दूध, आठला नाश्ता, दहाला चेक-आऊट, साडेदहाला चादरी, बाराला पुढची पार्टी. त्याची बायको खुर्शीदा तिन्ही बंगल्यांचा स्वयंपाक करायची आणि तिचाही दिवस याच गजरांवर चालायचा. त्यांना एकच मुलगी, अल्फिया. अकरा गजरांत तिचा एकही नव्हता, आणि त्यात कोणाला काही खटकलं नव्हतं. तिलाही नाही.

अल्फिया पहिलीत असताना शाळेत मुलांचे डोळे तपासले. बाईंनी चिठ्ठी दिली : डावा डोळा कमजोर वाटतो, लहान मुलांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना लवकर दाखवावे. 'लवकर' या शब्दाखाली दोन रेघा होत्या. रज्जाक बेफिकीर बाप नव्हता. पुढच्याच सोमवारी तो मुलीला घेऊन तळेगावच्या एका दवाखान्यात गेला. खिडकीवरची मुलगी म्हणाली, ते डॉक्टर पुण्याहून येतात, फक्त शनिवारी, दहा ते एक.

रज्जाक हसला. "ताई, आम्ही लोणावळ्याचे," एवढंच म्हणाला. त्याच्या मते त्यात सगळं आलं.

येताना त्याने बाजारातल्या दुकानातून मुलीला गुलाबी काडीचा चष्मा करून आणला. पोरगी चष्मा लावून वाचायची, धावायची, सायकल चालवायची. सगळं एकट्या उजव्या डोळ्यावर निभावून न्यायची, आणि निभतंय म्हटल्यावर घराने विषय मिटवला. दिसतंय की तिला.

खुर्शीदाने मात्र पहिलं वर्षभर दर गुरुवारी विषय काढला. मी एकटी घेऊन जाते म्हणाली. त्यावर रज्जाकचं ठरलेलं उत्तर होतं की तू गेलीस तर चाळीस माणसांचं जेवण कोण बघणार. एकदा ती न सांगता मुलीला नटवून बसस्टॉपपर्यंत गेलीही. तिथं फोन आला, पार्टी दोन तास आधीच पोचली होती. ती परत फिरली, मुलीच्या वेणीच्या रिबिनी सोडल्या आणि कणीक मळायला बसली. त्यानंतर तिने गुरुवारी बोलणं सोडलं. राग नव्हता त्यात. थकली होती बाई.

पहिलीची चौथी झाली.

बंगल्यांच्या चादरी धुवायला जवळच्या कुरवंडे गावाहून शालूबाई यायच्या. पन्नाशी उलटलेली, हाताने राकट आणि तोंडाने त्याहून राकट बाई. एका सोमवारी दोरीवर चादरी वाळत होत्या आणि त्यांच्या आडून अल्फियाशी त्यांचा लपंडाव चालला होता. शालूबाईंनी मागून येऊन तिचे डोळे झाकले. ओला हात घसरला, डावा डोळा उघडा पडला. पोर खिदळायची थांबली.

"मावशी, तुमचं तोंड पुसून टाकल्यासारखं दिसतंय," ती म्हणाली.

शालूबाईंनी हात काढला, पुन्हा ठेवला. चार बोटं धरून किती म्हणून विचारलं. तिने अंदाजाने दोन सांगितली आणि चुकलं हे चेहऱ्यावरून ओळखून लगेच पाच सांगितली. शालूबाई चादरी तशाच टाकून रज्जाककडे गेल्या आणि येता शनिवार चुकवायचा नाही असं त्याच्याकडून वदवून घेऊनच कुरवंड्याला गेल्या.

रज्जाकनेही या वेळी मनावर घेतलं. शनिवारी पुण्याच्या एका कंपनीचे तीस जण येणार होते. नऊला पार्टी, साडेनऊला नाश्ता, साडेदहाला निघायचं, साडेअकराला दवाखाना. हिशोब चोख होता. दुपारचं जेवण खुर्शीदाने पहाटेच करून ठेवलं. शालूबाई वाढायला थांबणार होत्या.

आता ऐका. ती कंपनी आली होती वेळेचं नियोजन शिकायला! हॉलमध्ये पडदा लावला, ट्रेनरसाहेब बोलायला उभे राहिले. साडेनऊच्या ठोक्याला नाश्ता टेबलावर लागलेला बघून साहेब इतके खूष झाले, की त्यांनी निघायच्या घाईत असलेल्या रज्जाकला हाताला धरून सगळ्यांपुढे उभं केलं. हे आपलं जिवंत उदाहरण, म्हणाले. मग त्याला त्याचे अकरा गजर वाचून दाखवायला लावले. लोकांनी प्रश्न विचारले. फोटो काढले. शेवटी साहेबांनी विचारलं, "रज्जाकभाई, तुमच्या दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं काम कोणतं?"

"चेक-आऊट, सर," रज्जाक म्हणाला.

हॉल हसला आणि टाळ्या वाजल्या. त्याच्या आयुष्यात कोणी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. तो दोन पावलं पुढे सरकून आणखी एक प्रश्न घेत उभा राहिला.

बाहेर तळेगावसाठी ठरवलेल्या गाडीत खुर्शीदा आणि अल्फिया बसून होत्या. तो बाहेर आला तेव्हा सव्वाबारा झाले होते. त्याने घड्याळ बघितलं, मनातल्या मनात तळेगाव मोजलं आणि पुढच्या शनिवारी नक्की, असं सांगून टाकलं. खुर्शीदा उतरली आणि पहाटे केलेलं जेवण गरम करायला गेली. शालूबाई हातात पराती घेऊन दारात उभ्या होत्या.

"टाळ्या लय वाजल्या, रज्जाकभाऊ. पोरगी दीड-दोन तास गाडीत बसलीय."

"मावशी, पाहुण्यांना मध्येच सोडून कसं येणार?"

"मला एक सांगा. ह्या साहेब लोकांना आज नाश्ता न्हाई मिळाला आसता, तर काय झालं आसतं?"

"बोंब मारली असती. फोनवर वाईट लिहिलं असतं, सगळ्या जगाने वाचलं असतं."

"आन पोरीनं कुटं लिवायचं?"

रज्जाक घड्याळाकडे बघू लागला.

"तुमाला वाटतं तुमी घड्याळाव चालता. न्हाई भाऊ. जो वरडंल त्याचं काम तुमी आदी करता. ती वरडत न्हाई, ही तिची चूक हाय व्हय? बाप करंल म्हनून गप बसलीय ती."

हे ऐकून त्याचे डोळे उघडले असतील, असं तुम्हाला वाटलं असेल. तसं झालं नाही. टाळ्यांनंतर लगेच बोलणी खाणं माणसाला सोसत नाही. "तुम्ही चादरींचं बघा, मावशी," तो म्हणाला. पुढच्या आठवड्यात त्याने चादरींचं काम बाजारातल्या लाँड्रीला दिलं. वेळेत मिळतात, असं कारण सांगितलं. शालूबाईंनी भांडण केलं नाही. जाताना अल्फियाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कुरवंड्याची वाट धरली.

पुढचा शनिवार जोडून सुट्टीचा निघाला. त्यापुढच्या शनिवारी मालक स्वतः आले. त्यानंतर लग्नाची पार्टी होती.

शेवटी ते दवाखान्यात गेले, तेही रज्जाकने ठरवलं म्हणून नव्हे. एका शनिवारचं बुकिंग ऐन वेळी रद्द झालं. रिकामा शनिवार त्याला सोसवेना, म्हणून त्याने मुलीला बूट घालायला सांगितले. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, मग बापाकडे.

"अब्बा, आज सोमवार आहे का?"

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी तपासायला पाऊण तास लावला आणि विचारलं, हे पहिल्यांदा केव्हा कळलं. खुर्शीदाने पर्समधून पहिलीतली चिठ्ठी काढून दिली. घडीवर फाटलेली. डॉक्टरबाईंनी तारीख वाचली.

"डोळा चांगला आहे हिचा," त्या म्हणाल्या. "पण मेंदूने त्या डोळ्याकडे लक्ष देणं सोडून दिलंय. फार दिवस दुर्लक्ष झालं की तसं होतं. तेव्हा आला असता तर आज हा डोळा पुस्तक वाचत असता. आता पट्टी लावून बघू, पण खोटी आशा देणार नाही."

"डॉक्टर, आम्ही आता दर शनिवारी येऊ," रज्जाक घाईघाईने म्हणाला. "सगळं सोडून येऊ. किती शनिवार लागतील?"

"शनिवारांचा प्रश्न आता राहिलेला नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढचं नाव पुकारायला सांगितलं.

आणि त्या खुर्चीवरून उठताना रज्जाक बदलला. तीन वर्षं उशिरा, पण खराच बदलला! सांगितलेलं काम असं होतं : उजव्या डोळ्यावर पट्टी लावायची आणि रोज दोन तास डाव्या डोळ्याने मणी ओवायचे. जवळ मोठं माणूस बसलेलं हवं, पण मदत करायची नाही. ते मोठं माणूस रज्जाक झाला. रोज दहा ते बारा, शनिवारीसुद्धा. पहिल्या शनिवारी फाटकावर गाडीचा हॉर्न वाजत राहिला, फोन वाजत राहिला. तो उठला नाही. दोरा मण्याच्या भोकाशेजारून जायचा, पुन्हा जायचा, सात-आठ वेळा जायचा, आणि हा वेळेचा पक्का माणूस हात मांडीखाली दाबून बघत राहायचा.

एका मालकाने बंगला त्याच्याकडून काढून दुसऱ्याला सांभाळायला दिला. एका पाहुण्याने फोनवर लिहिलं, केअरटेकर वेळ पाळत नाही. रज्जाकने ते खुर्शीदाला वाचून दाखवलं. तिने कौतुक केलं नाही. कांदा चिरत राहिली.

तो कुरवंड्यालाही गेला, शालूबाईंची माफी मागायला. त्यांनी चहा दिला आणि एवढंच विचारलं, "दिसाया लागलं का तिला?" त्याने नाही म्हणून मान हलवली. त्यांनी कप उचलून नेला. 

सहा महिन्यांनी तपासणी झाली. तक्त्यावर सगळ्यात वर एकच मोठं अक्षर असतं, ते अल्फियाने डाव्या डोळ्याने वाचलं. त्याखालची ओळ तिला आली नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, एवढंच, आता यापुढे जाणार नाही. अल्फिया मात्र खूष होती. एक तरी आलं, असं तिने अम्मीला बाहेर येऊन सांगितलं. रज्जाक जिन्याजवळ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

वाचकहो, दिवसाची यादी आपण सगळेच करतो, आणि जो दार वाजवतो त्याचं नाव वर लिहितो. म्हणून उद्या यादी कराल तेव्हा आधी शोधा, कोणाचं काम पुढे ढकललं तर कोणी काहीच बोलणार नाही. ते काम सगळ्यात वर लिहा. ओरडणारा माणूस आपली सोय कुठंही करून घेतो. गप्प बसणारा तुमच्या भरवशावर गप्प बसलेला असतो.