विहिणीच्या शेजारचं पान

नवऱ्याला नवरी मिळणं सोपं, पंगतीला माणसं बसवणं अवघड, असं नानासो म्हणत, आणि त्यात काही खोटं नव्हतं. माण तालुक्यातल्या त्या गावात लग्न कुणाचंही असो, पंगत मांडायला बोलावणं त्यांनाच. कुणाचा कुणाशी विस्तव जात नाही, कुणाच्या खालच्या अंगाला बसवलं की कोण ताडकन उठून जाईल, हे सगळं त्यांच्या डोक्यात पक्कं. मग सख्ख्या पुतणीच्या लग्नात काय विचारता! सारवलेल्या ओसरीवर त्यांनी चिंचोके मांडले होते. एकेक चिंचोका म्हणजे एकेक पाहुणा.

"ह्यो पाटील, आन् ह्यो त्येचा चुलता. दोगांच्या मधी खांब पायजे, न्हाईतर आमटी वाढायच्या आत एकमेकांचं पटकं उडवतील. तासगावचं वऱ्हाड हिकडं, वाऱ्याच्या तोंडाला. उकडलं की पाव्हणा भांडतो."

दाराआड त्यांची धाकटी भावजय शालूबाई तांदूळ निवडत होती. नवरी हौसा ही तिची एकुलती एक लेक. थोरल्या दिराशी शालूबाई आजवर कधी बोलली नव्हती. काय सांगायचं ते थोरल्या जावेला, बयाबाईला सांगायचं, आणि बयाबाईनं ते नवऱ्याला ऐकवायचं. मध्ये नुसता दाराचा उंबरा असला तरी रीत म्हणजे रीत.

नानासोंनी एक चिंचोका उचलून सगळ्यांच्या पुढं ठेवला. "आन् ही शालूबाई. कन्यादानाला पाटावर, शेजारी मानसिंगाच्या नावची सुपारी. मागनं विहिणीच्या पंगतीत विहिणीला लागून पयलं पान हिचं."

शालूबाईच्या हातातलं सूप तिरकं झालं आणि तांदूळ जमिनीवर सांडले.

मानसिंग म्हणजे तिचा नवरा, नानासोंच्या पाठचा भाऊ. पलटणीत होता. सिंगापूर पडलं तेव्हापासून चार वर्षं त्याचा पत्ता नव्हता. सरकारनं कळवलं, बेपत्ता. लढाई संपली, आसपासच्या गावचे कैदेत पडलेले शिपाई एकेक करून घरी आले, मानसिंग आला नाही. शालूबाई कुंकू लावत होती, बांगड्या भरत होती, आणि गाव तिच्या कपाळाकडं बघून नजर फिरवत होतं. अशी गत वैऱ्याच्या बायकोचीही होऊ नये. हौसाचं आधीचं स्थळ एवढ्यावरच मोडलं होतं. "पोरीचा बाप जिता हाय का मेला, त्ये आदी सांगा," म्हणत ते लोक चहा न घेता उठून गेले होते.

त्याचं उत्तर शालूबाईला आता ठाऊक होतं. गेल्या महिन्यात म्हसवडच्या बाजारात ती लग्नासाठी हातात बांगड्या भरून घेत होती, आणि पलीकडं उभा राहून शेजारच्या गावचा हरिबा तिच्याकडं बघत होता. कैदेतून नुकताच सुटून आलेला, नुसता हाडांचा सापळा. त्याला ते बघवलं नसावं. देवळामागं नेऊन त्यानं तिला सांगून टाकलं. मानसिंग आणि तो एकाच छावणीत होते. मानसिंग हगवणीनं गेला. हरिबानंच त्याला माती दिली.

शालूबाई रडली नाही. भरल्या बांगड्यांचे हात तिनं हरिबापुढं जोडले आणि त्याला शपथ घातली, की हौसाच्या डोक्यावर अक्षता पडेपर्यंत कुणाला बोलायचं नाही. बोभाटा झाला असता तर सुतक आलं असतं. सुतकात लग्न कुठलं? आणि बापाला खाल्लेली पोर म्हणून तासगावकरांनीही पाठ फिरवली असती.

तेव्हापासून रोज सकाळी कुंकू लावताना आपण देवाला फसवतोय असं तिला वाटे. तेवढं ती सोसत होती. पण त्याच खोट्या कुंकवानं पाटावर बसायचं, सवाष्ण म्हणून पोरीचा हात जावयाच्या हातात द्यायचा? लेकीचा संसार सुरू होण्याआधीच आपली काळी सावली त्यावर पडायची, ही भीती तिला सोडीना.

"आक्का," ती दाराआडून म्हणाली, "त्यास्नी म्हणावं, पाटावर तुमी दोगं बसा. हौसा तुमचीच हाय. मी मागं भाताकडं बगीन."

नानासोंना ते ऐकू आलंच होतं. "सांग तिला," ते बायकोला म्हणाले, "माजा भाऊ मेल्याला न्हाई. त्येची कारभारीण चुलीम्होरं, आन् मी पाटावर? गावानं माज्या तोंडात शेण घालावं मग!"

लग्न आठ दिवसांवर आलं तेव्हा मध्यस्थ तात्याबा घाम पुसत आला. नवऱ्या मुलाची आई लीलाबाई, तिचा निरोप होता. तात्याबानं तो जमेल तितका गुळात घोळवून सांगितला. "त्या म्हणत्यात, बाई वाईट न्हाई, पर कुकवाचा ठिकाणा न्हाई. कन्यादानाला पाटावर आन् विहिणीच्या पंगतीत आमच्याशेजारी थोरल्या बाईस्नी बसवा. येवडंच मागणं हाय."

आतल्या आत शालूबाईनं औंधच्या यमाईला हात जोडले. सुटले, असंच तिला वाटलं. लीलाबाईचे शब्द तिला लागले नाहीत, उलट त्या बाईचे पाय धरावेत असं झालं.

पण नानासो उभे राहिले. "मग वऱ्हाडानं दहिवडीवरनंच माघारी फिरावं! पयलं पान शालूबाईचं. त्ये जमत नसंल तर लगीन न्हाई."

बयाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. शालूबाईला दिराचा राग आला, असा राग की जन्मात कुणाचा आला नव्हता. चांगुलपणाचाही राग येतो माणसाला. हट्टी म्हातारा, नको तिथं मान द्यायला निघालाय, असं ती मनात म्हणाली. तात्याबा बिचारा दोन्हीकडं हेलपाटे घालत राहिला, आणि पोरगी नजरेत भरली होती म्हणून म्हणा की नानासोंचा बाणा आवडला म्हणून म्हणा, लीलाबाईनं शेवटी मान डोलावली.

शालूबाई पाटावर बसली. शेजारच्या पाटावर तांदळाची रास आणि तिच्यावर सुपारी. भटजी सांगतील तसं तिनं पाणी सोडलं, लेकीचा हात दिला. जे करायचं ते माझं कर, तिचं करू नकोस, एवढंच ती देवाला सांगत होती. हौसा हिरव्या शालूत खाली मान घालून बसली होती. ती बापावर गेली होती, आणि शालूबाईनं त्या दिवशी तिच्याकडं धड बघितलंसुद्धा नाही.

जेवणाआधी कुणी तरी उठून चार शब्द बोलायची पद्धत तेव्हा नव्यानं आली होती. तासगावकडच्या एका वकिलांनी दांपत्यजीवन या विषयावर बरंच काही सांगितलं. मग नानासो उठले. आठवडाभर गोठ्यात म्हशीपुढं त्यांनी तालीम केली होती, ती सगळी विसरले.

"मंडळी," ते म्हणाले, "माजा भाऊ आज हितं न्हाई. त्येची कारभारीण त्येच्या वाटचं बी काम एकटी करतीया. तिला आज जो मान हाय, त्यो मी दिल्याला न्हाई, त्यो तिच्या कुकवाचा हाय. ज्येला काय म्हनायचं असंल त्येनं मला म्हना." पुढं काही सुचेना. "आता जेवा," म्हणून ते खाली बसले.

तासगावकरांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडच्यांचं लक्ष पत्रावळीवर होतं.

विहिणीच्या पंगतीत लीलाबाईनं आपण होऊन करंडा उघडला आणि शालूबाईच्या कपाळावर ठसठशीत कुंकू लावलं. "माजं चुकलं, विहीणबाई," ती हळूच म्हणाली आणि लापशीचा घास तिच्या तोंडात भरवला. शालूबाईनं तो गिळला. कसा गिळला ते तिचं तिलाच माहीत.

दिवस कलला तशा गाड्या जुंपल्या. हौसा गळ्यात पडून हमसून रडली. शालूबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिला गाडीत बसवलं. "लय धीराची बाई," बायका म्हणाल्या. एकदोघी म्हणाल्या, "धीराची कसली, दगूड हाय."

गाड्या निघाल्यावर शालूबाई मागच्या बाजूला गेली. कुठं तरी एकटं व्हावं, एवढंच तिला हवं होतं. गोठ्याच्या दारात ती थबकली.

आत नानासो पटका काढून जमिनीवर बसले होते. पुढं एक पत्रावळ होती. लापशी, भात, आमटी, सगळं नीट वाढलेलं. पण पान दक्षिणेकडं तोंड करून मांडलं होतं. उभ्या आयुष्यात नानासोंनी कुणा पाहुण्याला दक्षिणेकडं तोंड करून बसवलं नव्हतं. ती बाजू गेलेल्यांची.

तिनं पदर सारला आणि जन्मात पहिल्यांदा दिराशी बोलली. "भावजी, ह्ये पान कुणाचं?"

नानासो दचकले. उठायला गेले, पण उठवेना. "पोरी," ते म्हणाले, "पाडव्याला हरिबा आला हुता. आपला मानसिंग ग्येला. मीच हरिबाला शपथ घातली, शालूबाईला कळू द्यायचं न्हाई म्हणून. म्हनलं, एक डाव चारचौघांत, पयल्या पानावर तू सवाष्ण म्हणून बसावीस. उद्यापास्नं तुला कोन बसवणार हाय गं?"

शालूबाईनं खांब धरला. "मला ठावं हाय," ती म्हणाली. "बाजारात त्येनं मलाबी सांगितलं."

"ठावं असून पाटावर बसलीस?"

"ठावं असून तुमी चार शब्द बोलला."

मग त्यांची मान खाली गेली. शालूबाई त्या पानाच्या दुसऱ्या अंगाला बसली आणि महिनाभर छातीत कोंडलेला हुंदका वर आला. नानासोंनी घाईनं हात वर केला.

"थांब. गाड्या अजून वड्यापतूर ग्येल्या न्हाईत. पोरीला ऐकू जाईल."

तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. पानाच्या दोन बाजूंना बसून दोघं बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांकडं कान लावून राहिले. आवाज ओढ्यात उतरला, पलीकडं चढला, बारीक झाला, मग नाहीसा झाला. तरी नानासोंनी थोडा वेळ जाऊ दिला.

"आता रड," ते म्हणाले.

शालूबाईनं असा हंबरडा फोडला की अंगणात भांडी घासणाऱ्या बायकांचे हात थांबले.

"मगाशी डोळ्यातनं टिपूस न्हाई," त्यातली एक म्हणाली, "आता बगा, लेक गेल्यालं उमगलं." आणि ती परत भांडी घासायला लागली.