घळीतली वाट

ज्या हिवाळ्यात इम्रिखच्या मुलीचं, युस्तीनाचं, लग्न झालं आणि वऱ्हाडाची गाडी बर्फात रुतल्यामुळे खुद्द नवऱ्या मुलाला उतरून ती ढकलावी लागली, त्याच हिवाळ्यातली ही गोष्ट. नवीन वर्ष नुकतंच लागलं होतं. इम्रिख पाठीवरच्या लाकडी चौकटीला बटाट्याचं पोतं आणि बिअरचं पिंप बांधून वर निघाला होता. घळीच्या तोंडाशी येऊन तो थबकला. घळीतून वाट गेली होती. सहज पडलेली नव्हे, कुणीतरी मुद्दाम पाडलेली. दोन माणसं शेजारी चालतील एवढी रुंद, तुडवून घट्ट केलेली, आणि कडेने लाल फिती बांधलेल्या काठ्या.

"गाढवाने केलंच शेवटी," इम्रिख म्हणाला. ऐकायला कुणी नव्हतं.

वाट कुणी पाडली हे त्याला विचारावं लागलं नाही. वरचं डोंगरघर, डोंगर चढून येणाऱ्यांच्या जेवणा-मुक्कामाची जागा, त्या साली त्याच्या जावयाने चालवायला घेतलं होतं. टिबोर पोप्राडचा, शहरातला, पण कामाला वाघ. युस्तीना वर स्वयंपाक बघायची आणि इम्रिख खालून सामान वाहायचा. गावातले लोक दारूच्या गुत्त्यात त्याला म्हणत, मुलगीही दिलीस आणि वर पाठही दिलीस. इम्रिख हसण्यावारी नेई, पण ते त्याला लागे.

उन्हाळ्यात सगळे घळीतूनच जात. हिवाळ्यात मात्र तात्रा पर्वताच्या या बाजूला ओझी वाहणारी माणसं शेजारची डोंगराची सोंड धरून चढत. सोंड उभी आहे, निसरडी आहे, पण वारा तिच्यावरचा बर्फ झाडून नेतो आणि घळीत आणून टाकतो. त्या वर्षी नाताळाआधी कडाक्याची थंडी पडली आणि तळाचा जुना बर्फ साखरेसारखा सुटा झाला. त्यावर वाऱ्याने नव्या बर्फाची जाड लादी थापली. इम्रिखने काठी खुपसून पाहिली. वरचा थर कडक लागला, आणि मग काठी पोत्यात घुसावी तशी एकदम आत गेली. अशी लादी पायाखाली फुटली की घळीतला सगळा बर्फ खाली येतो.

तो सोंडेने वर गेला. दर पावलाला राग चढत गेला, आणि डोंगरघराच्या स्वयंपाकघरात त्याने पाठीवरचं ओझं उतरवायच्याही आधी तोंड उघडलं.

टिबोर आंबट कोबीच्या सूपमध्ये पळी फिरवत होता. बाहेरच्या बाकांवर पाहुणे जेवत होते आणि दार उघडंच होतं. त्याने सासऱ्याचं सगळं ऐकून घेतलं. मग आपली बाजू सांगितली, आणि ती काही वेडगळ नव्हती. मागच्या हिवाळ्यात सोंडेवरून एक मास्तरीण घसरली होती आणि तिचं कंबरेचं हाड मोडलं होतं. लेकुरवाळी माणसं सोंड बघून परत जातात. तो स्वतः रोज घळीतून चालून पाहत होता. आणि बर्फ कोसळण्याचा धोका पाचपैकी दोन आहे असं त्याच सकाळी सरकारी पत्रकात आलं होतं.

"दोन कुठे?" इम्रिख म्हणाला. "सगळ्या डोंगराचं मिळून दोन. त्या घळीचं कुणी विचारलं?"

"आणि घळीचं तुमच्या नाकाला कळतं."

"कळतं."

"बाबा, ती घळ दर हिवाळ्यात पडते," टिबोर म्हणाला. "फक्त तुमच्या तोंडात."

बाकांवरचे पाहुणे हसले. इम्रिखच्या कानाच्या पाळ्या तापल्या, कारण बोलणं खोटं नव्हतं. तो दर वर्षी तेच सांगत आला होता आणि घळ दर वर्षी जागच्या जागी राहिली होती.

युस्तीनाने दोघांपुढे वाट्या ठेवल्या. वडिलांच्या पाठीवरचे पट्टे सोडता सोडता ती हळूच म्हणाली की लोकांसमोर नका बोलू, एकट्यात सांगितलं की ऐकतो तो. इम्रिखने ऐकलं नाही. त्याने वाटी सरकवली आणि सगळ्या पाहुण्यांच्या देखत जावयाला सांगितलं की तुला बायको दिली ती विधवा करायला नाही.

टिबोर पांढरा पडला. त्यानंतर दोघंही कुणाचं ऐकण्याच्या पलीकडे गेले होते.

खाली उतरल्यावर इम्रिखने घळीच्या तोंडाच्या काठ्या उपटल्या आणि एकेक करून गुडघ्यावर मोडल्या. वाटेचा नजरेत येणारा भाग पायांनी विस्कटला, वर बर्फ लोटला, फरच्या झाडाच्या फांदीने झाडून काढला. त्याच्या बापानेही असंच केलं असतं. बर्फात एक वाट दिसली की मागचा माणूस डोकं घरी ठेवून चालतो.

दुसऱ्या दिवशी तो पिठाचं पोतं घेऊन आला तेव्हा घळीच्या तोंडाशी एक कुटुंब उभं होतं. नवरा, बायको, आणि घसरगाडीवर बसलेल्या दोन मुली. इम्रिखने त्यांना परत जायला सांगितलं. चांगल्या शब्दांत नाही. पोरींना पुरायला आणलंय का, असं विचारलं. बाई घाबरून मुलींजवळ गेली. नवरा म्हणाला, अहो आजोबा, तोंड सांभाळून बोला, आम्ही वर फोन केलाय. मालक म्हणाले थांबा, कुणीतरी काठ्या मोडल्यात, मी येऊन वाट पुन्हा पाडून देतो.

इम्रिखने वर पाहिलं. घळीच्या वरच्या काठावर टिबोर उभा होता. काखेत काठ्यांची मोळी.

"मागे फिर," इम्रिख ओरडला. "मागे फिर, गाढवा."

टिबोरने हात वर केला. आवाज थंड हवेत स्पष्ट खाली आला. "सासरेबुवा, तुम्ही मोडा, मी लावतो. बघू कोण आधी दमतं."

त्याने एक काठी रोवली. चार पावलं पुढे येऊन दुसरी रोवली. मग माळ्यावर धान्याचं पोतं टाकावं तसा एक बसका आवाज झाला आणि टिबोरच्या वर, घळीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, एक रेघ उमटली. ती रेघ त्यानेही पाहिली असावी, कारण त्याने मान वळवली. लादी त्याच्या पायाखालून फुटली आणि सगळी घळ चालायला लागली.

इम्रिखने पोतं टाकलं, बाईला आणि मुलींना सोंडेच्या आडोशाला ढकललं. बर्फ त्यांच्यापर्यंत पोचायच्या आधीच थांबला. मग तो आणि तो परका माणूस ढिगाऱ्यावर चढले. थांबलेला बर्फ बांधकामाच्या गिलाव्यासारखा घट्ट झाला होता. इम्रिखच्या चौकटीला एक फावडं बांधलेलं होतं, दुसऱ्याने घसरगाडीच्या फळीने उकरलं. वर पडलेल्या काठ्यांच्या अंदाजाने त्यांनी जागा धरली. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा बूट लागला.

टिबोरच्या तोंडात बर्फ गच्च बसला होता. इम्रिखने बोटं घालून तो काढला, छाती दाबली, तोंडाने श्वास दिला, थोबाडीत मारल्या. त्या माणसाने शेवटी इम्रिखचे हात धरले.

बचाव पथक आपली घसरगाडी घेऊन आलं. इम्रिखने ती घेतली नाही. माझा जावई आहे, मी नेणार, म्हणाला. पथकाचा म्होरक्या त्याला ओळखत होता. त्याने डोकं खाली घातलं आणि टिबोरला चौकटीला बांधायला मदत केली. रस्त्यापर्यंत इम्रिख कुठेही विसाव्याला थांबला नाही, आणि पाठीवरच्या माणसाशी सारखा बोलत राहिला. मूर्खा, म्हणत होता. माजोरड्या. शहाणपण कुणाला दाखवत होतास? सहा आठवडे झाले लग्नाला, सहा आठवड्यांत काय पाहिलंस तिचं? आता बोल की, आता का दातखीळ बसली? मागची माणसं मुद्दाम मागे राहिली.

युस्तीना सोंडेने धावत उतरली होती आणि त्यांच्याआधी रस्त्यावर पोचली होती. अंगावर स्वयंपाकघरातला एप्रन तसाच होता. तिने नवऱ्याच्या भुवयांवरचा बर्फ पुसला. मग बापाकडे पाहिलं.

"तुम्ही वाट मोडली नसती तर तो आला नसता."

"आणि त्या बाईच्या पोरी आल्या असत्या."

"मला त्या पोरी माहीत नाहीत," युस्तीना म्हणाली.

दोघांनीही आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, असं म्होरक्या पुढे कितीदा म्हणाला.

अंत्यविधीच्या वेळी पाद्रीबुवा म्हणाले की डोंगराने त्याला आपल्याजवळ बोलावलं. इम्रिख पहिल्या रांगेतून उठला. "डोंगराने कुणाला बोलावलं नाही," तो सगळ्या चर्चला ऐकू जाईल असं म्हणाला आणि बाहेर जाऊन थंडीत उभा राहिला, शवपेटी बाहेर येईपर्यंत. युस्तीनाने मागे वळून पाहिलं नाही.

डोंगरघर तिने सोडलं नाही. इम्रिखनेही ओझी सोडली नाहीत. तो सामान दाराशी उतरवायचा, ती सूपची वाटी खिडकीच्या फळीवर ठेवायची. तो उभ्यानेच खायचा, वाटी बर्फाने घासून उपडी घालायचा आणि निघायचा. गरजेपुरतं बोलणं होई. मीठ संपलंय, गॅस आणा.

टिबोर सहा जानेवारीच्या तीन राजांच्या सणाच्या आदल्या दिवशी गेला. त्याचं वय एकोणतीस होतं. इम्रिख त्यानंतर बरीच वर्षं जगला आणि एका ऑगस्टमध्ये, घरामागचं गवत कापताना, मेला.