हानापेपेचं लाल मीठ

मीठ विकायचं नाही, नुसतं वाटायचं, ही हवाई बेटांवरच्या आमच्या हानापेपेची रीत. मिठाच्या वाफ्यावर घरातलं कोणी राबलं नाही, तर वाफा दुसऱ्या घराकडे जातो. धाकटा भाऊ माकोआ लास वेगासला गेला, म्हणून मी इथेच अडकले.

या उन्हाळ्यात मात्र त्याच्याकडे जायला मीही बॅग भरली. विमान गाठायला गाडीचं दार ओढलं, तर गंजलेला पत्रा फुटून हँडलच हातात आलं. तेवढ्यात माकोआचा फोन.

"ताई, निघालीस?"

"कशी निघू? गाडी खाल्ली मिठाने!"

"बरं, मग पुढच्या वर्षी ये. लाल मीठ तेवढं पाठव हं."

मी फोन आपटला. बाबा हसत हसत मिठात लाल माती कालवत बसले होते.

"हसू नका! हे मीठ अख्खी गाडी खातं, मग तुमची माती बरी शाबूत राहते?"

"अगं, ती लाल आहे ती उगाच का? तिच्यातलं लोखंड कधीच गंजून गेलंय. आता मीठ तिचं काय खाणार?"

त्यांनी दुसरं घमेलं माझ्याकडे सरकवलं. बॅग खाली ठेवून मी मिठात हात घातले. लहानपणी हात कसे चरचरायचे! आज काहीच झालं नाही.