कडूबाईच्या बाजूचा कट्टा

“मधून न्हाई. मला त्या टोकाला न्हे,” कडूबाई म्हणाली आणि रिक्षातच बसून राहिली.

तिचा मुलगा सोमेश्वर वैतागला. “आगं आई, हितं पूल कुठं हाय? मैदान हाय. नुसती चुन्याची फक्की मारलीय.”

“पूल म्हणूनच मारलीय ना? मग मधून कशी जाऊ? दोन्हीकडं पाणी हाय.”

सोमेश्वरने रिक्षा वळवली.

बिंदुसरा नदीवरचा जुना रपटा, पाण्यालगतचा तो बुटका पूल, पुरात वाहून गेला होता. तिथे आता पायी माणसांसाठी पूल व्हायचा होता. नुसता ओलांडायचा नव्हे, बसायचा, सावलीला टेकायचा पूल. त्याचा नकाशा करणाऱ्या रोहिणीने नदीकाठच्या मैदानावर पुऱ्या मापाचा पूल फक्कीने आखला होता आणि दोन्ही काठांवरच्या लोकांना चालून बघायला बोलावलं होतं. लोक आले, चालले, पण एकानेही रेघ ओलांडली नाही. घराची आखणी झाली की फक्कीच्या भिंतीतून कोणी शिरत नाही, दारातूनच जातं, तसं.

दुसऱ्या टोकाला हाफिजा केव्हाची उभी होती. पाटीत लिंबागणेशच्या डोंगरातली सीताफळं होती. रपटा होता तेव्हा कडूबाई शेळ्या पाण्यावर घालून आणि हाफिजा फळं विकून आपापल्या काठावरून निघायच्या आणि रपट्यावर बसायच्या. रपटा गेला. मोठ्या पुलाचा वळसा कडूबाईच्या गुडघ्यांना झेपेना. तेव्हापासून नुसते निरोप चालले होते.

दोघी निघाल्या. कडूबाई काठी टेकत, थांबत येत होती. हाफिजा मध्यावर पोचली. तिथे रोहिणीने कट्ट्याचा चौकोन आखला होता. हाफिजा त्यातून तशीच पुढे गेली. कडूबाई भेटली ती कडूबाईच्याच टोकापासून थोड्याच अंतरावर. तिथेच दोघी धुळीत बसल्या. मध्ये काठी आडवी ठेवली.

“लई वाळलीस गं,” हाफिजा म्हणाली.

“तू मातर भरलीस. इकायची सीताफळं तूच खाती का काय?”

रोहिणी जवळ आली. कट्टा मध्यावर आहे, सावलीही तिथेच येणार, तेव्हा तिथे बसून बघा, असं तिने अदबीनं सांगितलं. कडूबाई काठीकडे हात नेऊ लागली. हाफिजाने तिचं मनगट धरलं.

“ताई, मी कुठवर बी येते. ही हितवरच येती. कट्टा हितं आला तरच आमची गाठ पडंल.”

रोहिणी मध्यावरच्या चौकोनाकडे परत गेली. मग तिने तो पायाने पुसला, फक्कीचं घमेलं मागवलं, आणि दोघींना न उठवता त्यांच्याभोवतीच नवा चौकोन आखला.

पूल व्हायला वेळ लागला. कडूबाईने तो पाहिला नाही. आदल्या थंडीतच ती गेली.

आता संध्याकाळी पुलावर माणसं असतात. नवा माणूस विचारतो, कट्टा असा एका बाजूला कसा? गुडघे आता हाफिजाचेही धरतात. मध्यावर ती कठड्याला टेकते, पाटी दुसऱ्या कडेवर घेते आणि पुढे निघते.

एकदा सोमेश्वर वाटेत भेटला. तिची पाटी घेऊन तो कट्ट्यापर्यंत आला.

“मावशी, कावून एवढं लांब येता? मधीच बसत जावा की.”

हाफिजा कट्ट्यावर बसली आणि जरा सरकली, शेजारी एका माणसाची आणि एका काठीची जागा सोडून.

सोमेश्वरने पाटी खाली ठेवली. त्या जागेवर तो बसला नाही. हाफिजाच्या दुसऱ्या अंगाला जाऊन टेकला.