मतीनच्या पायथ्याशी

त्या संध्याकाळी शंकर नगरच्या मंदिरात मंदाकिनीताईंनी कीर्तनात गोवर्धनाचं आख्यान लावलं होतं. पेटीवर मी होतो. त्यांचा मुलगा भार्गव इराकमध्ये, मतीन नावाच्या डोंगराखालच्या एका कुर्दी खेड्यात पाण्याच्या टाक्या बांधायला गेलेला. डोंगरावर विमानांतून बॉम्ब पडून राहिले होते. आसपासची गावं निम्मी रिकामी झाली होती आणि भार्गव गुलिस्तान नावाच्या म्हातारीच्या घरात अडकला होता.

पूर्वरंग संपला. नामाचा गजर सुरू झाला आणि ताईंची हिंदी बोलणारी सून ईरा त्यांना बुक्का लावायला पुढे आली, ती फोन घेऊनच.

"मम्मी, ट्रक खड़ा है. ये पूछ रहे हैं, निकलूँ क्या? वो बूढ़ी अम्मा जाने नहीं दे रही."

"बाहेर जाऊन बोला, ताई," यशवंतराव कुजबुजले. मंदिराचा कारभार त्यांच्याकडे.

नारदाच्या गादीवर, म्हणजे कीर्तनाला, उभं राहिलं की आरतीआधी उतरायचं नाही, आणि तिथून बोलायचं ते खरंच. ताईंनी हे तापातसुद्धा पाळलेलं.

"खाली उतरली तर माझ्या तोंडून काहीही निघंल, नरहरभाऊ," त्या मला म्हणाल्या आणि तिथूनच फोन कानाला लावला. मी टाळकऱ्यांना हात केला. गजर थांबला. समोरच्या माईकमुळे सगळं ऐकू येत होतं.

"भार्गव, मले नाही माहीत रे."

"आई, काहीतरी सांग ना! ड्रायव्हर हॉर्न मारून राहिला!"

"तो डोंगर माझा आहे का? जिचा आहे तिले विचार. काहून अडवते ती?"

पलीकडून म्हातारीचा आवाज आला, भांडल्यासारखा. मग भार्गव हळू म्हणाला, "म्हणते, सडकेवर जे हलतं त्याच्यावरच पडतं. तिचा पोट्टा असाच निघाला होता."

ताईंनी डोळे मिटले.

"मग बस तिच्यापाशी."

ट्रक निघाल्याचा आवाज आला आणि फोन कटला.

"लाव बुक्का," ताई म्हणाल्या. ईरानं एका हातानं फोन परत घेतला, बुक्का ताईंच्या भुवईवर सांडला.

"तर देवानं डोंगर उचलला..." ताईंनी ओळ अर्धीच सोडली. मी सूर धरून ठेवला. "उचलला, हो. पण खाली उभ्या असलेल्या बायांना वर पाहून काय वाटत असंल, ते मी कधी सांगितलंच नाही तुम्हाले."

ईरा पायरीवर बसून पुन्हा पुन्हा नंबर लावत होती. आरतीला अजून बराच वेळ होता.