सिद्रामप्पांचा उजवा बूट

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे, उजव्या पायाचा. लातूरच्या गंजगोलाईत एका मोच्यानं मला सिद्रामप्पांसाठी मुद्दाम शिवलं. त्यांच्या उजव्या पायाला मधली तीन बोटं जन्मापासूनच नाहीत, तिथं खोल खाच आहे. माझ्या टोकात कापूस ठासला, की बाहेरून काही म्हणता काही कळायचं नाही. लोक म्हणायचे, "अप्पा लई टापटीप!" आणि मी फुगून जायचो.

पायावरून बैलगाडीचं चाक गेलं, असं अप्पांनी स्वतःच्या लग्नातच सांगून टाकलं होतं. घरातही पायात मोजा. सून दामिनी पाया पडायची, तीही मोज्यावरच.

मग नात झाली, शिवानी. तिच्या उजव्या हाताला दोनच बोटं. अप्पांच्या बायकोनं, सिद्धम्मांनी, सुनेला धारेवर धरलं. "पाचव्या महिन्यात गिराणात इळी धरलीस, भोग आता!" ग्रहणाच्या दिवशी दामिनीनं विळीवर भाजी चिरली होती खरी. ती चुलीपुढं बसून रडायची, आणि अप्पा मला पायात चढवून दुकानाला निघून जायचे. मी साधा कुरकुरलोसुद्धा नाही. तीन वर्षं!

शेवटी तिला कायमची मुदखेडला माहेरी धाडायचं ठरलं. जाण्याआधी लेकीला मोठ्या डॉक्टरीणबाईंना दाखवायचं, एवढाच हट्ट तिनं धरला. सगळे गेले. डॉक्टरीणबाईंनी दामिनीचे आणि तिच्या नवऱ्याचे हातपाय नीट पाहिले.

"बाळाची बोटं दुसऱ्या महिन्यातच घडतात. ग्रहणाचा काही संबंध नाही. हे जनुकातून येतं, कधी एखादी पिढी वगळूनही. घरात आणखी कुणाला आहे?"

"न्हाई," सिद्धम्मा म्हणाल्या.

अप्पा वाकले. त्यांनी माझी नाडी सोडली. आधी मी निघालो, मग मोजा निघाला.

"जन्माचंच हाय. चाक-बिक काई न्हाई."

"दोष तुमचाही नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जनुक कुणी निवडून घेत नाही."

दामिनीनं पदर तोंडाला लावला. "मामा, मंग तीन वरसं का गप बसलाव?"

 

दामिनी घरातच राहिली, पण सासऱ्यांशी अजून मोजकंच बोलते. अप्पा आता उघडी चप्पल घालतात. मी खाटेखाली धूळ खातो, आणि तेच मला बरं वाटतं. परवा शिवानी त्यांच्या पायाशी बसली, खाचेत आपली दोन बोटं घातली आणि खुदकन हसली. "आज्या, तुजं बी माज्यासारकंच!" अप्पांच्या डोळ्यांना धार लागली.

मित्रांनो, काट्याकुट्यात आम्हाला खुशाल पायात घाला. पण माझ्यावर सोपवलं तसलं काम कुठल्याही बुटाला देऊ नका. एक पाय झाकता झाकता मी एका आईची तीन वर्षं तुडवली.