शेठची टाच

लेकराला गणित येईना, म्हाताऱ्याला मोबाईल कळेना, की आपण पटकन बोलून मोकळे होतो, "जाऊ दे, याच्या डोक्यात नाही शिरायचं." बोललो की झालं, आपण सुटलो! पुढे त्या माणसाचं काय होतं ते कोण बघतो? ही गोष्ट त्या वाक्याची. ऐका.

एका गल्लीत इस्त्रीचं दुकान होतं. दुकान चालवायची एक बाई, आणि हाताशी तिचा बावीस वर्षांचा मुलगा. हात पाठीमागे बांधून, मान ताठ ठेवून चालायचा, म्हणून गल्लीने त्याचं नाव पाडलं शेठ. शेठला ऑटिझम. बोलायचा मोजकं. गोंगाट झाला की दोन्ही हात कानांवर. पण शर्टाची घडी अशी घालायचा की गिऱ्हाईक ती मोडायला कचरायचं.

वजन मात्र वाढत चाललेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, "साखर अगदी काठावर आलीय. तीन महिने रोज व्यायाम करू दे. नाहीतर या वयात गोळ्या मागे लागतील."

बाईने त्याला कोपऱ्यावरच्या व्यायामशाळेत नेलं. तिथला कोच मनाने लोण्याचा, पण आवाज असा की मागच्या गल्लीतली मांजरं दचकून उठायची. पोरं माघारी त्याला भोंगा म्हणायची.

"चल, उठाबशा! पाय फाक! छाती वर! कंबर मागे! गुडघे बाहेर! श्वास धरून ठेवू नको! बस खाली!"

शेठने कानांवर हात ठेवले आणि खाली बसला. बसला तो बसलाच, चांगली मांडी घालून. सगळी व्यायामशाळा खिदळली.

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी कोच बाईला म्हणाला, "ताई, राग मानू नका. याच्या डोक्यात नाही शिरायचं हे. तुम्ही आपलं त्याला फिरायला नेत जा."

"नेते की. पहिला हॉर्न वाजला की कान झाकून घरी परत. इथे निदान चार भिंती आहेत."

"अहो, चार दिवस घसा फोडला मी!"

"तिथेच तर घोळ झाला, सर. एका दमात सहा गोष्टी सांगितल्यात. मला त्यातल्या दोन कळल्या, आणि मला तर ऑटिझमही नाही!"

बाईने फोन काढला. शेठ लहानपणी विशेष मुलांच्या केंद्रात जायचा, तिथल्या शिक्षिकेने त्यात एक अ‍ॅप घालून दिलं होतं. शर्टाच्या घडीचे त्यात आठ छोटे व्हिडिओ. पहिल्यात नुसती कॉलर. दुसऱ्यात एक बाही. एक बघायचा, तेवढं करायचं, मग बोटाने पुढचा.

"हा असा शिकला घडी. हवं तितक्या वेळा बघतो. फोन थकत नाही, ओरडत नाही, आणि 'कालच सांगितलं होतं ना' असं म्हणत नाही."

"मग मी काय इथे माशा मारू?"

"तुम्ही व्हिडिओत उभे राहा. शिकवणारे तुम्हीच. फक्त एकेक करून, आणि तोंड मिटून."

कोच फुरफुरला. पण बाई हलेना. "बरं. एक आठवडा. नाही जमलं तर याची वेळ मी दुसऱ्याला देणार, आधीच सांगतो."

बाईने चार तुकडे काढले. उभं राहणं, हात पुढे, खाली जाणं, वर येणं. चौथ्याच्या शेवटी कोचने पोट खाजवलं आणि ओरडला, "ए, पंखा वाढव रे!" बाई म्हणाली, परत काढू. कोच म्हणाला, "चालतंय हो!"

आठवडा सरला. शेठने फोन बाकावर उभा ठेवला. एक व्हिडिओ बघितला, तेवढं केलं. दुसरा बघितला, तेवढं केलं. हात सरळ पुढे, खाली, वर. आणि वर येताच शेठने पोट खाजवलं आणि त्याच भोंग्याच्या सुरात ओरडला, "ए, पंखा वाढव रे!"

हसून हसून पोरांनी वजनं खाली ठेवली. कोचसुद्धा हसला. मग एकदम थांबला. "पण हे बघा, डावी टाच उचलतोय! गुडघा जाईल अशाने. मी म्हटलं नव्हतं, नाही शिरायचं?"

शेठनेच फोन कोचपुढे धरला. "तिसरा," म्हणाला आणि बोट लावलं.

पडद्यावर कोच खाली जात होता. आणि त्याची डावी टाच जमिनीवरून उचलली जात होती.

"टाच," शेठ म्हणाला.

कोचने तीनदा बघितलं. जुनं दुखणं होतं गुडघ्याचं. वीस वर्षांत त्याला कुणी हे दाखवलं नव्हतं. भोंग्याला दाखवणार कोण?

तो बाकावर बसला. आवाज पहिल्यांदा खाली आला. "ताई, याच्या डोक्यात शिरत नाही म्हणालो मी! अहो, सगळं शिरलंय. पंखा शिरला, माझी खोटसुद्धा शिरली! पोरगा नीट शिकला. मीच वाकडं शिकवलं!"

त्याच दुपारी नवे व्हिडिओ निघाले, पाच. कोच बाकावर टेकायचा आणि सावकाश उठायचा, टाच जमिनीला चिकटवून. पाचव्यात नुसती टाच. बोलणं शून्य. पुढे तो शेठशेजारी उभा राहून स्वतःही त्याच व्हिडिओवरून व्यायाम करू लागला.

तीन महिन्यांनी डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, "गोळ्या नकोत. चालू ठेवा." दुकानात परतल्यावर बाई बराच वेळ एकाच शर्टावर इस्त्री फिरवत राहिली.

आता शेठ एकटा जातो, हात पाठीमागे बांधून. फोन बहुतेक खिशातच असतो. परवा एक ढेरपोटे साहेब नव्याने आले. कोचला राहवलं नाही. "पाय फाका! छाती वर! कंबर मागे..."

शेठ येऊन मध्ये उभा राहिला. एक बोट वर केलं. "एकेक."

कोचने कान पकडला. साहेबांना म्हणाला, "बरोबर आहे त्याचं. आधी नुसते पाय."

तर मंडळी, कुणाच्या डोक्यात शिरत नाही असं वाटलं, तर आधी आपली शिकवण्याची रीत तपासा. माणूस तोच असतो. दार आपणच चुकीचं ठोठावत असतो.

आणि हो, उठाबशा संपल्या की शेठ अजून ओरडतो, "ए, पंखा वाढव रे!" कोच मुकाट उठतो आणि वाढवतो.